पणजोबा हरवले आहेत

पितृपक्षात कावळ्याच्या भरवशावर सोडलेल्या पणजोबांना एकाएकी भाव आलाय. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या कुणबी दाखल्याला लागणाऱ्या नोंदींसाठी रेकॉर्ड रूममधली दप्तरं सुटली, पानं स्कॅन होऊन संकेतस्थळांवर चढली. तेव्हापासून आमच्या पाथर्डी-शेवगावकडे मोबाइलवर दोन बोटांनी पान ताणताणून खापरपणजोबांचा शोध चालू आहे. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यू त्यात, पण मोडीत. इंजिनिअर नातवाला ती ओळ म्हणजे शाईत बुडालेली मुंगी चालत गेल्यासारखी. मग मोडी येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या ओसरीवर रांग. ते भिंग लावून वाचतात, “राणू वल्द बाळा.” आणि आडनाव? ते लिहिलेलंच नाही. तरी ‘हा आमचाच राणू’ यावर अख्ख्या भावकीचं एकमत. बांधावरून पंधरा वर्षं कोर्टात भांडणाऱ्यांचंसुद्धा! शिवाय गंमत अशी, की म्हातारा मेला अहमदनगर जिल्ह्यात आणि शोधायचा अहिल्यानगर जिल्ह्यात.

असो. सापडलं पान तर प्रिंट जरूर काढा. फक्त त्यावर पणजीचं नाव कुठे आहे का, तेही एकदा बघा.