शिखरावरचा धबधबा

'यंदाची पन्नाशी कळसूबाईवर साजरी करणार' ही घोषणा मी पाडव्याला, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर केली होती, हे आधीच सांगून ठेवतो. पोट भरलेलं असलं की मला डोंगर बुटके दिसतात. 'आधी आपले तीन मजले लिफ्टशिवाय चढून दाखवा,' असं बायको म्हणाली. त्यामुळे जाणं भागच पडलं.

जुलैतल्या एका रविवारी भाचा आणि त्याच्या तीन मित्रांबरोबर मी भल्या पहाटे बारी गावात उभा होतो. पायांत कोरे बूट. 'यात पाय घसरणारच नाही' असं दुकानदार म्हणाला होता, पण ते फक्त जमिनीपुरतं होतं. बुटातल्या बुटात पाय मनसोक्त घसरत होता. वर पाहिलं तर डोंगर नव्हताच, नुसता ढग. 1646 मीटर उंचीचं राज्यातलं सर्वोच्च शिखर दिसतच नाही म्हटल्यावर मला बराच धीर आला.

वाटेत भाच्याने कळसूची गोष्ट सांगितली. पाटलाकडे कामाला राहिलेली ही मुलगी. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही तिची अट. अट मोडली तशी ती रागावून डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. वर तिचं देऊळ आहे. मला बाईंबद्दल एकदम जवळीक वाटू लागली.

मग पहिली लोखंडी शिडी आली. कळसूबाईच्या शिड्यांबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. त्या ओल्या असतात आणि आपल्या मागून माणसं येत असतात, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या पायरीवर मी निसर्ग पाहायला थांबलो. मागे एक आजी होत्या. नऊवारी खोचलेली, पाय अनवाणी, डोक्यावर भज्यांच्या सामानाची पाटी. 'दादा, चढा नाहीतर उतरा. मला वर टपरी लावायचीय.'

मी उतरलो. भाच्याला म्हटलं, 'गुडघा.' 'कोणता?' असं त्याने विचारलं, तेव्हा मी घाईत दोन्हींवर हात ठेवला.

तशीही मला डोंगरांपेक्षा धबधब्यांची रीत पसंत आहे. डोंगराकडे आपल्याला जावं लागतं, धबधबा बिचारा स्वतःच खाली येतो. जीप ठरवून मी भंडारदऱ्याला गेलो. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं पाणी एका गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तो अम्ब्रेला फॉल पाहायचा होता. 'आज बंद आहे,' चहावाला म्हणाला. धबधबा बंद? 'धरणातून पाणी सोडलं की चालू.' माझी स्वतःची छत्री मात्र चालू होती. पुढच्याच झोताला ती उलटी होऊन फुलासारखी उमलली.

राहता राहिला रंधा. इथे प्रवरा 170 फूट खाली कोसळते. त्या दिवशी ती कोसळत असावी, कारण आवाज येत होता. दिसत होतं फक्त धुकं. कठड्याला पोट टेकवून मी अर्धा तास त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत राहिलो. शेजारी एक तरुण जोडपं आलं. 'काका, धबधबा कुठेय?' मी जाणकाराच्या थाटात समोर बोट करून त्यांना उंचीसकट सगळी माहिती दिली. तेवढ्यात धुकं क्षणभर फाटलं आणि धबधबा निघाला पार उजवीकडे. मी बोट हळूहळू तिकडे नेलं. मोबाईल काढेपर्यंत पडदा पुन्हा पडला.

तरी मी एक फोटो काढलाच. पुढे माझा भिजलेला चेहरा, मागे पांढरंफेक. घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. दोन मिनिटांत मामांचं उत्तर आलं : 'शिखर सर केलंस, शाब्बास!' मग मावशी, मग चुलतभाऊ. मी खोटं एक अक्षरही लिहिलं नाही, सगळ्यांना नुसते हात जोडले. थोड्या वेळाने भाच्याचा खऱ्या शिखरावरचा फोटो आला. तोही तसाच पांढराफेक. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर देवालाही फरक कळला नसता.

बायकोला कळला. रात्री घरी पोचलो तर ती माझा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहत बसली होती. 'शिखरावर इतकं पाणी असतं का हो?'

'का?'

'तुमच्या कानामागे पाटी आहे. पाण्यात उतरू नये म्हणून.'

त्या रात्रीची भांडी मी घासली. मध्येच कळसूची आठवण आली. तिला निदान डोंगर चढता येत होता.