रांगेतला तिसरा

टेबल टेनिसमध्ये चीनला रोखायचे बहुतेक उपाय करून झाले आहेत. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० केला. मोठा चेंडू हळू जातो, कमी फिरतो आणि टीव्हीवर नीट दिसतो. २००१मध्ये २१ गुणांचा गेम ११वर आणला. गेम जितका छोटा, तितकी दुबळ्याला संधी जास्त, असा सरळ हिशेब. २००२मध्ये सर्व्हिस करताना चेंडू हाताआड लपवायला मनाई झाली. २००८मध्ये रबर चिकटवायचा घातक वासाचा वेगवान डिंक गेला, २०१४मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू गेला. कागदावर प्रत्येक बदलाचं कारण वेगळं होतं: प्रेक्षक, प्रक्षेपण, आरोग्य, आगीचा धोका. मनातलं कारण मात्र बहुतेकांचं एकच असावं.

गुण कुणाला आला ते बघा. पुरुषांचं जागतिक सांघिक विजेतेपद २००१ ते २०२४ या काळात एकदाही चीनबाहेर गेलं नाही. महिला एकेरीचं जगज्जेतेपद १९९५पासून चिनी बायकांच्याच घरात आहे. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९८८ला आला. तेव्हापासून पॅरिसपर्यंत ४२ सुवर्णपदकं वाटली गेली, त्यातली ३७ चीनची. उरलेल्या पाचांत दक्षिण कोरियाची तीन, स्वीडनचं एक, जपानचं एक. महिला एकेरीचं सोनं तर अजून दुसऱ्या कुठल्या देशाने हातात धरून पाहिलेलंच नाही. १९९१मध्ये चिबाला चीनच्या महिला संघाला अंतिम फेरीत हरवलं होतं, पण त्यासाठी उत्तर आणि दक्षिण कोरियाला एकाच संघातून खेळावं लागलं होतं. चीनचा बॅकहँड बघून दोन शत्रुराष्ट्रांना एकत्र यावंसं वाटलं. संयुक्त राष्ट्रांना जे जमलं नाही, ते टेबल टेनिसने करून दाखवलं.

सगळ्यात नामी उपाय बीजिंगनंतर निघाला. २००८च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुष एकेरीची तिन्ही पदकं चीनला: मा लिन, वांग हाओ, वांग लिचिन. महिला एकेरीचीही तिन्ही चीनलाच: झांग यिनिंग, वांग नान, ग्वो युए. झेंडे वर चढताना तीन दोऱ्यांना तीन सारखेच झेंडे. राष्ट्रगीत फक्त पहिल्याचंच वाजवतात, हे बाकीच्या जगाचं नशीब. लंडनपासून नियम झाला की एकेरीत एका देशाचे दोनच खेळाडू. तेव्हापासून पदक देताना निदान एक झेंडा वेगळा दिसतो आणि खेळ जागतिक असल्याचा पुरावा छायाचित्रात नोंदला जातो. रांग तोडता येईना, म्हणून रांगेचा फोटो कापला.

फोटोतून कापला गेला तो तिसरा. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

शू शिन हा डावखुरा. पेन धरावा तशी बॅट धरणारा, टेबलापासून चार पावलं मागे जाऊन चेंडूला असा बाक देणारा, की तो नेटच्या बाजूने वळसा घालून टेबलावर यायचा. २०१३मध्ये तो जागतिक क्रमवारीत पहिला झाला आणि पुढेही अनेक महिने पहिला राहिला. ऑलिम्पिकमध्ये एकेरीचे सामने तो किती खेळला? शून्य. रिओत एकेरीला मा लाँग आणि झांग जिके गेले, टोकियोत मा लाँग आणि फॅन झेनडाँग. शू शिनच्या वाट्याला सांघिक आणि टोकियोत मिश्र दुहेरी आली. त्या मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात तो आणि ल्यू शिवेन जपानच्या मिझुतानी आणि इतोकडून हरले. रौप्यपदक मिळवूनही ल्यू शिवेन रडत सगळ्यांची माफी मागत होती. आपल्याकडे रौप्यपदक आणणाऱ्या खेळाडूची विमानतळापासून मिरवणूक निघते, आणि तिला ते पदक म्हणजे गुन्हा वाटत होता.

मराठी वाचकाला हे दुःख समजावून सांगायला नको. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि कसोटीची टोपी त्यांना कधी मिळाली नाही, कारण पुढे बिशनसिंग बेदी उभे होते. चीनमध्ये प्रत्येक पिढीत असे पाचसहा शिवलकर असतात आणि त्यांच्या पुढे उभे असलेले बेदीही तेवढेच. मा लाँग हे सहा ऑलिम्पिक सुवर्णांचं नाव, पण लंडनला एकेरीत तोही बाहेरच होता. वांग हाओला तीन ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं रौप्य मिळालं. २००४ला त्याला कोरियाच्या र्यू सुंग-मिनने हरवलं. पुढच्या दोन्ही वेळी मात्र समोर घरचाच माणूस होता, बीजिंगला मा लिन आणि लंडनला झांग जिके.

ही रांग आकाशातून पडत नाही. पाचसहा वर्षांचं पोर शाळेत किंवा क्रीडाशाळेत बॅट हातात धरतं. तिथून शहर, प्रांत, राष्ट्रीय दुसरा संघ आणि मग राष्ट्रीय पहिला संघ. प्रत्येक पायरीवर गाळण होते. सराव कसा चालतो तेही पाहण्यासारखं आहे. टेबलाच्या एका टोकाला प्रशिक्षक, बाजूला चेंडूंनी काठोकाठ भरलेलं घमेलं. तो एकामागून एक चेंडू सोडत राहतो. एक फोरहँडला, एक बॅकहँडला, एक नेटलगत, एक पोटावर. पहिला परत यायच्या आत दुसरा निघालेला. पलीकडच्या पोराला चेंडू उचलायचा नाही, गुण मोजायचे नाहीत, श्वासही घ्यायचा नाही. घमेलं रिकामं होतं तेव्हा जमिनीवर चेंडूंचा सडा पडलेला असतो, आणि बाजूला दुसरं घमेलं तयारच.

या रांगेतले काहीजण तर स्वतःचा खेळसुद्धा खेळत नाहीत. ते परदेशी खेळाडूंची नक्कल करतात. तीच पकड, तेच रबर, तीच सर्व्हिस. २०१८च्या स्वीडिश ओपनमध्ये जपानच्या मिमा इतोने ल्यू शिवेन, डिंग निंग आणि झू युलिंग या तिघींना ओळीने हरवलं, तेव्हा इतोसारख्या खेळणाऱ्या सरावखेळाडू उभ्या करणं हे चीनमध्ये राष्ट्रीय काम झालं. टोकियोत एकेरीच्या उपांत्य फेरीत इतोसमोर चीनची सुन यिंगशा आली आणि ४-० जिंकून गेली. तिच्या दृष्टीने तो सामना पूर्वीच अनेकदा खेळून झालेला होता. विजेतीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. नक्कल करणारीचं नाव विचारायचं नसतं.

रांगेतल्या माणसाने नकार दिला तर काय होतं? हे दिल्लीत घडलंय. १९८७ची जागतिक स्पर्धा आपल्या राजधानीत होती. महिला एकेरीच्या उपांत्य सामन्यात हे झिली विरुद्ध ग्वान जियानहुआ, दोघी चिनी. कोरियाच्या यांग यंग-जाला अंतिम फेरीत ग्वानचा खेळ जास्त जड जाईल असं वरच्यांनी ठरवलं, आणि हे झिलीला सांगण्यात आलं की तू हर. ती जिंकली. मग अंतिम सामन्यात यांगलाही हरवून जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी सोल ऑलिम्पिकच्या संघात तिचं नाव नव्हतं. तिने जपान गाठलं, चिरे कोयामा हे नाव घेतलं आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चीनच्या देंग यापिंगला हरवून सुवर्ण जपानच्या खात्यात टाकलं. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

गंमत पुढे आहे. सोलला एकेरीचं सोनं चेन जिंगने जिंकलं. नंतर तीही चीन सोडून तैवानकडे गेली आणि १९९६च्या ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात देंग यापिंगच्या समोर उभी राहिली. म्हणजे चीनची एक सुवर्णविजेती चीनच्या दुसऱ्या सुवर्णविजेतीशी भिडली आणि मधल्या नेटला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणायचं. २०१०मध्ये मॉस्कोला सिंगापूरच्या मुलींनी चीनला ३-१ हरवून जागतिक सांघिक विजेतेपद नेलं, तेव्हा जग नाचलं. फेंग तियानवेई, वांग युएगू, सुन बैबै. तिघीही चीनमध्ये जन्मलेल्या. शांघायच्या नी शियालियानने १९८३मध्ये चीनसाठी जगज्जेतेपद मिळवलं होतं. पॅरिसला ती ६१व्या वर्षी लक्झेंबर्गकडून खेळली, पहिला सामना जिंकली आणि दुसऱ्यात सुन यिंगशासमोर गेली. तिच्या आणि सुनच्या वयात ३७ वर्षांचं अंतर. रांगेची लांबी अशीही मोजता येते.

अखेर चीनलाच जगाची दया आली. २००९मध्ये त्यांच्या संघटनेचे प्रमुख त्साय झेनहुआ यांनी ‘लांडगे पाळण्याची’ योजना जाहीर केली. परदेशी खेळाडूंना आपणच तयार करायचं, म्हणजे खेळात चुरस राहील आणि लोक बघतील. प्रतिस्पर्धीसुद्धा घरीच बनवायचा! आपल्याकडे प्रतिस्पर्धी संघटना निघते तीही घरातूनच, पण ती योजनेअंती नव्हे, निवडणुकीअंती.

लांडगे अधूनमधून चावतातही. पॅरिसला मिश्र दुहेरीचं सोनं साजरं करताना एका छायाचित्रकाराचा पाय पडून वांग चुचिनची बॅट मोडली, आणि एकेरीत अव्वल मानांकित वांगला स्वीडनच्या त्रुल्स मोरेगार्डने गारद केलं. भिंत पडली, अशी जगाने आरोळी ठोकली. मोरेगार्ड अंतिम फेरीत पोचला तेव्हा पलीकडे फॅन झेनडाँग उभा होता. ४-१, सोनं चीनला. एप्रिल २०२५मध्ये ब्राझीलच्या ह्युगो काल्डेरानोने मकावच्या विश्वचषकात वांग चुचिन आणि लिन शिदोंग दोघांनाही लोळवलं. पुन्हा आरोळी. पुढच्याच महिन्यात दोहाला जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वांगने काल्डेरानोला हरवून परतफेड केली. एकाला पाडणं ही बातमी होते. दुसऱ्याला, तिसऱ्याला आणि चौथ्याला त्याच आठवड्यात पाडलं तर त्याला इतिहास म्हणतात.

खुद्द विजेत्यालाही रांग सोडत नाही. स्पर्धा चुकवल्यास दंड, या नियमाला कंटाळून फॅन झेनडाँग डिसेंबर २०२४मध्ये जागतिक क्रमवारीतून बाहेर पडला. त्याच्याबरोबर महिला विजेती चेन मेंगही. ऑलिम्पिकचे दोन्ही एकेरी विजेते एकदम गेले तर दुसऱ्या देशाने चौकशी समिती नेमली असती. चीनचा लिन शिदोंग फेब्रुवारीत १९व्या वर्षी क्रमवारीत पहिला झाला. खुर्ची गार व्हायलाही वेळ मिळाला नाही.

आता आपलं बघू. फेब्रुवारी २०२४, बुसान. जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या अयहिका मुखर्जीने पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, श्रीजा अकुलाने वांग यिदीला. लढत तरी चीननेच ३-२ जिंकली, कारण वांग मान्यूने आपले दोन्ही सामने घेतले. पाच महिन्यांनी पॅरिसला काय झालं? चीनला वाचवणाऱ्या वांग मान्यूला एकेरीत जागा नव्हती, ती फक्त सांघिक खेळली. २०२१ची ही जगज्जेती रांगेत तिसरी ठरली. आणि जगातल्या पहिलीला हरवणारी आपली अयहिका राखीव होती. दोन्ही देशांत चांगल्या खेळाडू बाहेर बसल्या, एवढंच साम्य. तिथे पुढे एक जगज्जेती आणि एक ऑलिम्पिक विजेती होती, इथे निवड समिती.

राखीव राहिलेल्यांनी काय करावं, याचेही दोन मार्ग आहेत. चीनमधला तिसरा-चौथा परदेश गाठतो. आपला कोर्ट गाठतो. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवडीवरून मुंबईच्या दिया चितळेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग यादी बदलली आणि तिला जागा मिळाली. आपल्या निवडीला घमेलाभर चेंडू लागत नाहीत, एक चांगला वकील पुरतो.

लॉस एंजेलिसला २०२८मध्ये पुन्हा नवा घाट आहे. पुरुष आणि महिलांच्या स्वतंत्र सांघिक स्पर्धा जाणार, मिश्र सांघिक येणार, दुहेरी परत येणार. सुवर्णपदकं पाचाची सहा होणार. चीनची मक्तेदारी मोडायला दर वेळी काहीतरी बदलायचं, तर या वेळी एक सुवर्ण वाढवलं आहे. ते कुणाला जाईल यावर पैज लावायची असेल तर चीनबाहेरचा माणूस शोधा. चीनमधला कुणी मोकळा नाही, सगळे तिसऱ्याच्या पुढे जायच्या खटपटीत आहेत.