दोन पूर्णांक नऊनंतर दोन पूर्णांक दहा

बहुतेक घरांत वायफायचा डबा नेटवाल्याने आणून भिंतीला ठोकलेला असतो आणि त्याच्या पोटात काय चालते याची चौकशी कोणी करत नाही. काही घरांत मात्र कपाटावर एक जुना संगणक घुरघुरत असतो. त्यात डेबियन लिनक्स, आणि त्यावर होस्टएपीडी नावाचा प्रोग्रॅम. हा उद्योग करणाऱ्याला घरात ‘हौशी’ म्हणतात. तो शब्द कौतुकानेच उच्चारला जातो असे नाही.

होस्टएपीडीचे काम साधे. संगणकातल्या वायफाय कार्डाला ॲक्सेस पॉइंट बनवायचे, घराच्या नेटवर्कचे नाव हवेत पुकारायचे, येणाऱ्या प्रत्येक फोनचा पासवर्ड तपासायचा आणि मगच आत घ्यायचे. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी या शतकाच्या सुरुवातीला प्रिझम चिपच्या कार्डांसाठी हे काम हाती घेतले आणि पुढे अनेक वर्षे निष्ठेने सांभाळले. इतकी वर्षे एकच काम सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला उगाचच आपलेपणा वाटतो.

डेबियन ११ मध्ये होस्टएपीडी २.९ होते, डेबियन १२ मध्ये २.१० आले. शाळेत दशांश अपूर्णांक घोटून शिकलेल्या माणसाला इथे ठसका लागतो. आमच्या गुरुजींच्या हिशेबाने २.१० म्हणजे २.१, म्हणजे ही प्रगती नसून चक्क पीछेहाट. पण डेबियन टिंबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा वेगवेगळा वाचते, आणि दहा नवापेक्षा मोठे हे कोणीही मान्य करील. २.९ आले ऑगस्ट २०१९ मध्ये, २.१० जानेवारी २०२२ मध्ये. या पुढच्या पावलात मूळ कर्त्यांनी ‘वेप’ नावाची जुनी कुलूपपद्धत नेहमीच्या बांधणीतून काढून टाकली. तिच्यातले भोक २००१ सालीच चव्हाट्यावर आले होते. निवृत्ती वीस वर्षे लांबली, एवढेच.

‘‘चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?’’ हा प्रश्न घरातून येतोच, आणि तो अडाणीपणाचा नाही. त्याला उत्तर म्हणून मी ‘क्रॅक’ नावाच्या वायफायवरच्या हल्ल्याची गोष्ट सांगतो. फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात किल्ली ठरताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठातले मॅथी व्हानहूफ यांनी दाखवून दिले की तिसरा निरोप पुन्हापुन्हा पाठवला, तर समोरचा भाबडेपणाने तीच किल्ली नव्याने बसवतो, मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि गुप्त मजकूर उलगडण्याची वाट मोकळी होते. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी हे जाहीर झाले आणि त्याच दिवशी डेबियनची दुरुस्ती आली. तीही मोठा आकडा न बदलता. तेव्हाचे २.४ ते २.४च राहिले, फक्त शेपटीला एक खूण वाढली. गोष्ट ऐकून घरातले गप्प बसतात. पटले म्हणून, की कंटाळून, ते मी विचारत नाही.

अपग्रेड चालू असताना मला सर्वांत आवडतो तो डेबियनचा एक प्रश्न. एखादी सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली असेल आणि पॅकेजवाल्यांनीही नवी आणली असेल, तर सगळे काम थांबते आणि विचारणा होते: आमची नवी ठेवू, की तुमची जुनी राहू दे? ‘डी’ दाबले तर दोन्हींतला फरक ओळीओळीने दाखवतात. नुसते एंटर दाबले तर जुनी राहते. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात एवढी अदब कोणी दाखवली नव्हती. आणि होस्टएपीडीची जी मुख्य फाइल, नेटवर्कचे नाव आणि चॅनल असलेली, तिच्याबद्दल तर विचारतही नाहीत. ती डेबियनने ठेवलेलीच नसते, तुम्ही लिहिलेली असते, म्हणून तिला हात लागत नाही.

त्या फाइलीत घराचा इतिहास असतो. शेजाऱ्यांचा डबा सहावर बसला म्हणून आपण अकरावर. देशाच्या रकान्यात ‘आयएन’, कारण देश सांगितल्याशिवाय पाच गिगाहर्ट्झवर बोलायची बहुधा परवानगीच मिळत नाही. नाव देवनागरीत ठेवता येते, पण हद्द बत्तीस बाइटची आणि आपले एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा तीन बाइट खाते. ‘देशपांडे’ आठ तुकड्यांत चोवीस बाइट घेतात, म्हणजे त्यांचा ‘वाडा’ मावत नाही. जोशी मात्र बारा बाइटांत सुखाने राहतात.

खरी गंमत पुढे आहे. अपग्रेड होताना होस्टएपीडी बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि आपण लॅपटॉपवरून त्याच वायफायने त्या संगणकात शिरलेले असतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचा हा प्रकार. डेबियनच्या सूचनापत्रातच ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ हा प्रोग्रॅम वापरा म्हणून सांगितले आहे, म्हणजे जोडणी तुटली तरी आतले काम चालू राहते. तेवढ्या क्षणात आतल्या खोलीतून ‘‘नेट गेलं का?’’ अशी आरोळी येतेच. सगळे नीट पार पडले तर मात्र कोणी काही म्हणत नाही.

तेव्हा असा संगणक तुमच्याही कपाटावर असेल, तर अपग्रेड जरूर करा. फक्त आधी लॅनची केबल लावा, टीमक्स उघडा, आणि आतल्या खोलीत कोणाची ऑनलाइन मुलाखत चालू नाही ना, तेवढे विचारून या.