पर्यावरण: वेळ तीन तास, गुण 100

(पदवीच्या सक्तीच्या ‘पर्यावरण अभ्यास’ या पेपराची ही उत्तरपत्रिका आमच्या कल्पनेतल्या एका विद्यार्थ्याची. मुलगा सुरतेत पांडेसऱ्याला राहतो, वडील डाइंग मिलमध्ये, मूळ गाव खानदेशात. शेरे परीक्षकांचे.)

प्रश्न 1. पर्यावरण हा विषय सक्तीचा का झाला? (गुण 5)

सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण शिकवा असं सांगितलं. महाविद्यालयांना ते ऐकू यायला बारा-तेरा वर्षं लागली. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, आणि त्यामागोमाग पुण्याच्या डॉ. एरॅक भरुचांचं पुस्तक. 1664 आणि 1670 नंतर पुण्याच्या बाजूनं सुरतेवर आलेली ही तिसरी स्वारी. हाती जास्त लागलं ते पहिल्या दोन्हींत.

*शेरा: इतिहासाचा पेपर वेगळा असतो.*

प्रश्न 2. जवळच्या एखाद्या प्रदूषित ठिकाणाला भेट देऊन अहवाल लिहा. (गुण 25)

मी घरी गेलो. आई गच्चीवर बिबड्या वाळत घालते. संध्याकाळी त्यांवर काळे तीळ दिसतात. आम्ही बिबड्यांत काळे तीळ घालत नाही. बाकीचा वर्ग डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन सेल्फी काढून आला आणि सगळ्यांनी एकाच वहीवरून अहवाल उतरवला.

*शेरा: भेटीचा फोटो जोडलेला नाही.*

प्रश्न 3. आपल्या परिसरातील नदीचे महत्त्व सांगा. (गुण 10)

तापी मुलताईला उगम पावते आणि खानदेशातून सुरतेला येते. आमचं घराणं निम्म्या वाटेवर तिला सामील झालं. 2024 मध्ये केंद्रीय जलशक्ती मंत्री झालेले सी. आर. पाटीलही मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. खानदेशातून आलेल्या माणसाला सुरत कामाला लावते, नदीला सिंगणपोरच्या बंधाऱ्यावर अडवते. शहराचं सांडपाणी बमरोलीला शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलना विकलं जातं. म्हणजे सुरतेत सांडपाण्यालाही गिऱ्हाईक आहे. नदीला अजून मिळालेलं नाही.

*शेरा: ‘नदी ही आपली माता आहे’ हे वाक्य नसल्याने दोन गुण कमी.*

प्रश्न 4. प्रदूषणावर देखरेख कशी ठेवली जाते? (गुण 30)

पूर्वी गुजरातेत ऑडिटर मिलनंच निवडायचा, त्याचे पैसे मिलनंच द्यायचे, आणि मग त्यानं मिलच्या धुराबद्दल परखड मत द्यायचं, अशी पद्धत होती. धुरातल्या कणांची मर्यादा दर घनमीटरला 150 मिलिग्रॅम. अहवालांत चिमण्यांची गर्दी 150 च्या जराशी खाली असायची, जशी आमच्या निकालात 35 च्या जराशी वर असते.

मग काही अर्थतज्ज्ञांनी अहमदाबाद आणि सुरतेकडच्या कारखान्यांत प्रयोग केला. ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले, आणि काही मोजमापं दुसऱ्याकडून पुन्हा करवली. ऑडिटर खरं लिहू लागले. ते पाहून कारखान्यांनी धूरही कमी केला.

2019 पासून सुरतेत मिलच्या चिमण्यांनाच यंत्रं लावली आणि धूर सोडायचे परवाने बाजारात आणले. धुरातल्या कणांचा असा बाजार जगात पहिलाच. ज्या गावानं कापड विकलं, हिरे विकले, त्यानं धूर विकायला घेतला यात नवल नाही. आमच्या शेठना नीती, निसर्ग आणि ओझोन वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. भाव पहिल्याच दिवशी कळला. या बाजारातल्या मिलचं कणप्रदूषण बाहेरच्या मिलपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झालं.

*शेरा: ओझोनवर सविस्तर लिहायला हवे होते.*

प्रश्न 5. घातक कचऱ्याची विल्हेवाट. थोडक्यात टीप लिहा. (गुण 5)

6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरनं नाल्यात रसायन सोडलं. विषारी वायू झाला. शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले. रसायन महाराष्ट्रातून, तळोज्याहून आलं होतं असं तपासात निघालं. पप्पांचीही तेव्हा रात्रपाळीच होती, पण दुसऱ्या मिलमध्ये.

*शेरा: —*

प्रश्न 6. या अभ्यासक्रमातून तुम्ही काय शिकलात? (गुण 25)

सुरत दोनदा सुधारली आणि दोन्ही वेळा धडा वाचून नाही. 1994 साली प्लेग आला, लोक गाव सोडून पळाले. त्या भीतीवर पुढच्या वर्षी आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून घेतलं. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. दुसऱ्या वेळी भावानं धूर कमी केला. सहा महिने आम्ही जे पाठ केलं त्याला ना भीती, ना भाव. म्हणून एक सूचना: आमच्या वह्या दुसऱ्या कॉलेजच्या मास्तरांनी, चिठ्ठी टाकून तपासाव्यात. या वर्षी सगळे नापास होऊ. पुढच्या वर्षी निदान चार जण तरी खरोखर एखाद्या प्रदूषित ठिकाणापर्यंत जाऊन येतील.

*शेरा: सूचना योग्य. अंमलबजावणीसाठी आमच्याच महाविद्यालयाची समिती नेमली असून तिचा अहवाल समाधानकारक आहे.*