शेवटचा ‘आय’

आमच्या ऑफिसात पावसाळा आल्याचं दोन गोष्टींवरून कळतं. काउन्सेलिंगच्या खोलीत बादली ठेवावी लागते, आणि इंटर्न येतो.

मी इथला हिशेबनीस. एका पतपेढीत बावीस वर्षं खतावण्या लिहिल्या. ती इतरांच्या कर्तृत्वाने बुडाल्यावर कुर्ल्याच्या या संस्थेत आलो. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात एचआयव्ही प्रतिबंध, तपासण्या, आरोग्याचे हक्क, असं काम. सरकारी भाषेत ‘टीआय’, म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन. इथे प्रत्येक खर्चाला हेड लागतं. साठेक माणसांमागे एक पीअर एज्युकेटर, त्याला हेड आहे. कंडोमच्या डेमोसाठी लाकडी मॉडेल, त्यालाही आहे. इंटर्नला नाही. त्याचा प्रवासभत्ता मी ‘किरकोळ’मध्ये टाकतो.

इंटर्न दरवर्षी वेगळा असतो म्हणतात, मला तो एकच वाटतो. खांद्याला कापडी पिशवी, पाण्याच्या बाटलीवर बाटली दिसणार नाही इतकी स्टिकरं, हातात कोरी वही. तिसऱ्या आठवड्यापासून ती वही सापडत नाही. चहा बिनसाखरेचा मागतो आणि महिन्याभरात आमच्यासारखाच पाकातला प्यायला लागतो. दर वाक्यात त्याला ‘स्पेस’ हवी असते. कधी सेफ स्पेस, कधी इन्क्लुझिव्ह स्पेस. मीही इथे आल्यापासून मागतोय, व्हाउचरच्या फायलींसाठी. अडीचशे चौरस फुटांत आम्ही नऊ जण बसतो, त्यामुळे इन्क्लुजन आपोआप होतं.

२०२२ साली आलेला इंटर्न नागपूरचा, समाजकार्याच्या एमएच्या पहिल्या वर्षाचा. आल्या आल्या त्याने विचारलं, “जून म्हणजे प्राइड मंथ. आपला प्लॅन काय?” न्यूयॉर्कला स्टोनवॉलचा दंगा १९६९ च्या जूनअखेरीस झाला, म्हणून जगाने जून धरला. मुंबईची पहिली प्राइड यात्रा निघाली १६ ऑगस्ट २००८ ला, आणि पुढे ती थंडीकडे सरकली. जूनमध्ये इथे सहा रंगांचा झेंडा बाहेर काढला तर संध्याकाळी त्याचा एकच रंग उरतो. हे मी त्याला सांगितलं. त्याने “क्लायमेट जस्टिस” असं काहीतरी वहीत लिहून घेतलं.

शब्द मात्र त्याच्याकडे भरपूर. कोणी ‘केस’ म्हटलं की “क्लायंटही नको, कम्युनिटी मेंबर म्हणा”. ‘केस’ म्हणजे डोक्यावरचे की कोर्टातले, एवढाच घोळ आम्हाला तोवर माहीत होता. चूक त्याची नव्हती. आमची जीभ जुनी होती, हे मला मान्य आहे.

एका शुक्रवारी पीअर्सचं ट्रेनिंग होतं. त्याने फळ्यावर पाच अक्षरं लिहिली. एल, जी, बी, टी पटापट झाली, कारण समोर बसलेल्यांना ती जगून पाठ होती. मग त्याने शेवटच्या अक्षराखाली रेघ मारली. “आणि आय म्हणजे?”

मी दाराशी व्हाउचरवर सह्या घेत होतो. राहवलं नाही. “आय म्हणजे उत्पन्न. आय आणि व्यय.”

ऑफिसबॉय म्हणाला, “आय म्हणजे इंटर्न. सगळ्यात शेवटी येतो ना!”

अक्का आमची सर्वांत जुनी पीअर. सांगलीकडची, यल्लम्माची जोगती. पदराने वारा घेत बसली होती. ती म्हणाली, “त्यात काय इचारायचं? आय म्हंजे आय. जल्म देती ती.”

इंटर्न हसला नाही, हे त्याचं मोठेपण. आय म्हणजे इंटरसेक्स, म्हणाला. जन्मतः ज्यांचं शरीर ‘मुलगा की मुलगी’ या दोन खणांत नीट बसत नाही, अशी माणसं. अशा बाळांवर केवळ खणात बसवण्यासाठी शस्त्रक्रिया करू नयेत, असं मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं, आणि तमिळनाडू सरकारने मग बंदीचा आदेश काढला. अक्का थोडा वेळ गप्प बसली. “म्हंजे लेकराला इचारल्याबिगर कापायचं न्हाई. ब्येस झालं.” त्याने ते वाक्य लिहून घेतलं. वही तेव्हा सापडत होती.

जुलैत तो लाकडी मॉडेल लोकलमध्ये विसरला. माझ्या ॲसेट रजिस्टरात ‘मॉडेल, लाकडी, नग १’ अशी नोंद, त्यामुळे मी त्याला तक्रार नोंदवायला पाठवलं. संध्याकाळी चेहरा पाडून परत आला. फॉर्मवर ‘हरवलेल्या वस्तूचे वर्णन’ असा रकाना होता. मागे रांग, समोर टेबलावर बाई. ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला नवा शब्द होता, त्याला एकही शब्द सुचला नव्हता. अक्का म्हणाली, “लाटणं लिहायचं रं.” त्याने ‘शैक्षणिक साहित्य’ लिहिलं होतं. ते सापडलं नाही. पुढचे दोन डेमो केळ्यांवर झाले, आणि ‘केळी, २ डझन’ कोणत्या हेडखाली, हा प्रश्न माझ्याकडे आला.

आम्ही हसत होतो. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, २००१ साली लखनौत हेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लावून ४७ दिवस आत ठेवलं होतं. पिशवीत कंडोम आणि माहितीपत्रकं असली तरी तेव्हा पोटात गोळा यायचा. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाद केलं सप्टेंबर २०१८ मध्ये. २००१ हे इंटर्नचं जन्मसाल. तो त्या दिवशी कोणाचाच शब्द दुरुस्त न करता घरी गेला.

त्याचं मुख्य काम अहवालाचं. विषय, रुग्णालयातले वॉर्ड. तृतीयपंथी माणूस आजारी पडला तर त्याला खाट कुठे द्यायची, यावरून ताप उतरेपर्यंत चर्चा चालते. बायकांकडे नेलं तर बायका कुरकुरतात, पुरुषांकडे नेलं तर काय होतं ते अक्का सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेत भेदभावाला मनाई केली, आणि केसपेपरवरचे रकाने दोनच राहिले. इंटर्नने चौतीस पानं लिहिली. ती किती जणांनी वाचली ते मी सांगणार नाही. पण त्यासाठी माहिती गोळा करता करता त्याने अक्काचा ऑनलाइन अर्ज भरून दिला, प्रतिज्ञापत्र करून आणलं, वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घातल्या आणि सहीचं ओळखपत्र तिच्या हातात ठेवलं. तिने ते प्लास्टिकमध्ये घालून यल्लम्माच्या परडीत ठेवलं.

ऑगस्टच्या अखेरीस त्याला डेंग्यू झाला. रूममेटने एका सरकारी रुग्णालयात भरती केलं. आईवडील नागपुराहून येऊन पोहोचेपर्यंत सोबत कोण राहणार? अक्का निघाली. पुरुष वॉर्डाच्या दारावर अडवलं. रात्री इथे बायकांना थांबता येत नाही. अक्काने परडीतला कागद काढला. “बाई कुटं हाय मी? वाचा की. आन बाप्याबी न्हाई. कलेक्टरची सही हाय.” दारावरच्या माणसाने कागद दोनदा वाचला. नियमात तिच्यासाठी मनाई सापडेना. अक्का रात्रभर खाटेशी स्टुलावर बसून राहिली. प्लेटलेट्स हा शब्द तिला येत नव्हता, पण आकडा दर तीन तासांनी ती मला फोनवर कळवत होती.

सोमवारी तिने व्हाउचर आणून दिलं. रिक्षा, चहा दोन, शहाळं एक. ‘कारण’च्या रकान्यात ऑफिसबॉयकडून लिहून घेतलं होतं: इंटर्नसोबत रात्रभर. त्याखाली, रुग्णालयाच्या फॉर्मची सवय लागल्यासारखं: रुग्णाशी नातं, आय.

मी ते ‘किरकोळ’मध्ये टाकलं. मार्चमध्ये ऑडिटरने त्यावर बोट ठेवलं. “खर्चाच्या व्हाउचरवर आय कशी?”

मी म्हटलं, “सांगलीकडची आहे.”