रेड्याची अक्कलदाढ

नेवाशाला निघालो ते पैस खांबाच्या दर्शनाला. ज्ञानेश्वरी सांगताना माउली ज्याला टेकून बसले, तो खांब. मामांचा बेत चोख होता: आधी शिंगणापूर, मग नेवासे, मग जेवण. प्रत्यक्षात जेवण मध्येच घुसलं आणि नेवासे डुलक्या काढत पाहिलं.

दर्शनानंतर मामीला प्रवरेत पाय धुवायचे होते. पात्रात पाणी घोटाभर, गोटे मात्र गाडाभर. दरडीखालून चालताना माझ्या चपलेखाली काहीतरी आलं. उचललं तर तपकिरी, बोटभर उंच आणि आकाराच्या मानानं भलतंच जड. एक टोक घासून सपाट झालेलं.

"कौलाचा तुकडा," मामा म्हणाले. मग त्यांना आठवलं, की मुरलेलं जुनं हाड जिभेला चिकटतं. त्यांनी लगेच चाटून पाहिलं. चिकटलं काहीच नाही. मामा तेवढे घोडेगावपर्यंत वाळू थुंकत होते. दाताच्या चकचकीत भागाला ही परीक्षा लागूच पडत नाही, हे आम्हाला पुण्यात कळलं.

मामीला मात्र सपाट टोकावरच्या चंद्रकोरींत सरळ 'ॐ' दिसला. "वेद म्हणणाऱ्या रेड्याची दाढ आहे ही!"

"रेडा पैठणचा. त्याची समाधी जुन्नर तालुक्यात, आळ्याला," मामा म्हणाले.

"मग वाटेत नेवासेच लागतं ना? पडली असेल इथे."

ड्रायव्हरचं म्हणणं एवढंच, की शनिदेवाच्या पंचक्रोशीतली वस्तू जागच्या जागी ठेवा. आम्ही ठेवली नाही. नगरच्या अलीकडे टायर बसला, तेव्हा तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

पुण्यात ओळखीचे एक जीवाश्म-अभ्यासक आहेत. त्यांचा पहिला प्रश्न: "कुठल्या थरात होती?"

"देवळाच्या मागे, पण जरा पुढे," मामा म्हणाले. अभ्यासकांनी लिहायला काढलेलं पेन मिटवून ठेवलं.

मग भिंग आलं. दाढ उंच, म्हणजे खरबरीत गवत चघळणारा प्राणी. चंद्रकोरी रवंथ करणाऱ्याच्या, म्हणजे घोडा बाद. दोन खणांच्या मध्ये इवलासा खांब. ही बैल-म्हशीच्या कुळाची खूण. ("इथेही खांब!" मामीनं हात जोडले.) मागे तिसरा छोटा खण, तो फक्त खालच्या जबड्यातल्या शेवटच्या दाढेला असतो.

"म्हणजे अक्कलदाढ," ते म्हणाले. मामांनी स्वतःची कधीच काढून टाकलीय.

प्रवरेच्या याच गोट्यांच्या थरांतून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी 1950च्या दशकात दगडी हत्यारं आणि प्राण्यांचे जीवाश्म उजेडात आणले. या खोऱ्यात सापडणाऱ्या रानबैलाचं शास्त्रीय नाव बॉस नमॅडिकस, नर्मदेवरून पडलेलं. ऑफिसात आयुष्य गेलेले मामा बॉस म्हटल्याबरोबर ताठ बसले.

"पण एका सुट्या दाढेवरून बैल की रेडा, हे छातीठोक सांगता येत नाही."

"म्हणजे रेडा असू शकतो!" मामी.

"काकू, ज्ञानेश्वरी 1290ची. ही दाढ दहा हजार वर्षांच्या अलीकडची नसावी."

"असू दे की. वेद अनादीच आहेत."

दाढ आम्ही त्यांच्याकडेच ठेवली. डबीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'गाय-म्हैस कुळ, खालची तिसरी दाढ. प्रवरा, नेवासे. नेमकी जागा माहीत नाही.'