फुकटातलं काय टिकतंय?

2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि फ्लेक्सवाल्यांकडे पाट्या बदलण्याचं काम आलं. गावाचं नाव बदललं. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र फोटोशॉप तोच, क्रॅक करून आणलेला.

फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीनं 2013 मध्ये नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं सोडून भाडं लावलं. चित्रांसाठी गिंप 1996 पासून मोफत आहे, रेखाटनांसाठी इंकस्केप 2003 पासून. ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट लग्नपत्रिकेची देवनागरीही नेटकी छापतो.

हे सांगितलं, की दुकानदार तुळजाभवानीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत विचारतो, “फुकटातलं काय टिकतंय का, साहेब?”

मग अँटिव्हायरस बंद करून पेन ड्राइव्हमधला नवा क्रॅक टाकतो. तोही फुकटच.

गिंप टाकताना अँटिव्हायरस बंद करावा लागत नाही.